चुकलंय हे दिसतं, तरी माघार घेववत नाही

"मॅडम, मी हेकट आहे का हो?" खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ते मॅनेजर. सुताचा जुना व्यापारी बदलून नवा धरायची गळ त्यांनीच मालकांना घातली होती. नवं सूत सारखं तुटायचं. माग थांबला की नगावर काम करणाऱ्या विणकराची मजुरी बुडते. हे रोज डोळ्यांदेखत घडत होतं, आणि तरी प्रत्येक ऑर्डर आधीपेक्षा मोठी जात होती. रात्री झोप नाही, घरी चिडचिड.

असं सांगणारे माझ्याकडे समुपदेशनाला पुष्कळ येतात. स्वभावच वाईट म्हणून ते स्वतःला बोल लावत बसतात, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी त्यांना माणसं निर्णय कसे घेतात याचे अभ्यासक बॅरी स्टॉ यांचा 1976 चा प्रयोग सांगितला. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका कंपनीच्या दोनपैकी एका विभागाला कागदोपत्री 1 कोटी डॉलर द्यायचे होते, पुढच्या फेरीत आणखी 2 कोटी वाटायचे होते. पहिला विभाग स्वतः निवडलेल्यांनी, तो तोट्यात गेल्यावर, त्यातच जास्त पैसा ओतला. ज्यांच्या बाबतीत ती निवड दुसऱ्या कुणाची होती, त्यांनी हात आखडता घेतला.

ते बराच वेळ गप्प होते. "मालकांना काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात होतं," म्हणाले.

"उद्या तुमच्या जागी नवा माणूस आला तर?"

"पहिल्याच दिवशी बंद करेल."

स्टॉ यांनीच इतामार सायमनसन यांच्यासोबत 1992 मध्ये यावरचे उपाय तपासले. किमान अपेक्षा आधीच ठरवून ठेवली, की माणूस वेळेत थांबतो. निकालापेक्षा निर्णय कसा घेतला यावर त्याला जोखलं, तर त्यानेही थांबतो. (कारखानदारांनी हे दुसरं जरूर मनावर घ्यावं.) आम्ही पहिला उपाय धरला. एका पाळीत माग किती वेळा थांबले तर ऑर्डर बंद, तो आकडा त्यांनी पुढची खेप यायच्या आधी स्वतः लिहिला. मोजायचं काम मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरकडे दिलं, कारण व्यापारी त्याने निवडला नव्हता.

तिसऱ्या दिवशी आकडा ओलांडला.

"मालक रागावले?" मी पुढच्या भेटीत विचारलं.

"रागावले. मग म्हणाले, जुन्या व्यापाऱ्याला फोन मी लावू की तुम्ही लावता?"

फोन त्यांनीच लावला होता.