लव्हालिन ‘घोटाळा’ की लव्हालिन ‘प्रकरण’?

टोरोंटोजवळ राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्या कॅनडाच्या राजकारणावर लेख लिहीत आहेत. त्यातलं एक वाक्य त्यांनी पाठवलं: ‘लव्हालिन घोटाळ्यात अडकलेले लिबरल पक्षाचे अध्यक्ष जस्टिन ट्रूडो यांना अखेर २०२५ मध्ये पायउतार व्हावं लागलं.’ हे घरात वाचून दाखवल्यावर यजमान म्हणाले, ‘घोटाळा म्हणजे कोणीतरी पैसे खाल्ले. ट्रूडोंनी कुठे पैसे खाल्ले?’ तिकडचे इंग्रजी पेपर कधी ‘अफेअर’ लिहितात, कधी ‘स्कँडल’. मग मराठीत काय लिहायचं? घोटाळा, प्रकरण, भानगड, की कांड?

ताई, यजमानांचं म्हणणं मला पटतं. ‘प्रकरण’ लिहा. पण का, ते जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या एका शब्दामुळे तुमच्या वाक्याचा अर्थच दुसरीकडे गेला आहे.

‘घोटाळा’ हा शब्द मुळात पैशांचा नव्हे. मांजर पायात घोटाळतं, मन एखाद्या जागेभोवती घोटाळत राहतं, तसाच घोटाळा म्हणजे गुंता, गफलत. आमच्या वाड्यात एकाच आडनावाची आणि एकाच आद्याक्षरांची दोन बिऱ्हाडं होती. महिन्यातून एकदा तरी एकाचं पत्र दुसऱ्याकडे जायचं आणि आजी म्हणायची, ‘पोस्टमनचा पुन्हा घोटाळा झाला गं.’ त्यात पोस्टमनवर कसलाही आळ नसे. पुढे हिशेबात घोटाळे होऊ लागले. हिशेबातला गुंता बहुतेक वेळा कुणीतरी मुद्दाम केलेला असतो, हे लोकांना ठाऊक असल्यामुळे शब्दाचा तोल हळूहळू अफरातफरीकडे झुकला. १९९२ चा रोखे घोटाळा आणि त्यानंतरचा चारा घोटाळा यांनी तो अर्थ पक्का केला. आज मथळ्यात ‘घोटाळा’ दिसला की वाचक दोनच गोष्टी शोधतो: रक्कम किती आणि खाल्ली कोणी.

आता लव्हालिनचं काय झालं ते पाहा. एसएनसी-लव्हालिन ही मॉन्ट्रियलची बडी अभियांत्रिकी कंपनी. लिबियातली कामं मिळवण्यासाठी तिथल्या अधिकाऱ्यांना लाच दिल्याच्या आरोपावरून २०१५ मध्ये तिच्यावर गुन्हा दाखल झाला. दोषी ठरली असती तर केंद्र सरकारच्या कंत्राटांना दहा वर्षांपर्यंत मुकावं लागलं असतं. कंपनीला खटल्याऐवजी समझोता हवा होता: दंड भरायचा, कारभार सुधारायचा, पण दोषसिद्धीचा शिक्का टाळायचा. २०१८ मध्ये तसा कायदा झालाही. पण सरकारी अभियोग संचालकांनी या कंपनीला तो लागू करायला नकार दिला आणि कायदामंत्री जोडी विल्सन-रेबोल्ड यांनी तो नकार फिरवला नाही. तो त्यांनी फिरवावा म्हणून पंतप्रधान ट्रूडोंच्या कार्यालयाकडून त्यांच्यावर दबाव आला, ही बातमी ७ फेब्रुवारी २०१९ ला ‘ग्लोब अँड मेल’ने छापली. त्याआधीच, जानेवारीत, त्यांचं खातं बदललं होतं. बातमीनंतर पाच दिवसांत त्यांनी मंत्रिपद सोडलं. मार्चमध्ये दुसऱ्या मंत्री जेन फिलपॉट यांनीही राजीनामा दिला. २ एप्रिलला दोघींना पक्षाच्या खासदारगटातून काढलं. ऑगस्टमध्ये नीतिमत्ता आयुक्त मारिओ दियों यांनी ठरवलं, की ट्रूडोंनी हितसंबंधांच्या कायद्याचं नववं कलम मोडलं, कारण त्यांनी आपल्या पदाचं वजन गैर रीतीने वापरलं.

यात दबाव आहे, पदाचा दुरुपयोग आहे. पैसे गेले ते लिबियात, कंपनीच्या हातून, आणि वर्षाअखेरीस कंपनीच्या बांधकाम शाखेने फसवणुकीचा गुन्हा कबूल करून २८ कोटी डॉलरचा दंड मान्य केला. तेव्हा ‘लव्हालिन घोटाळा’ म्हणायचंच असेल तर ते लिबियातल्या व्यवहाराला म्हणा. राजधानी ओटावात जे घडलं ते लव्हालिन प्रकरण.

‘प्रकरण’ हा शब्द मला इथे फार नेमका वाटतो. क्वेबेक प्रांतातले फ्रेंच पेपर याला ‘आफेर’ म्हणतात. इंग्रजीतला ‘अफेअर’ तिथूनच आला. फ्रेंचमध्ये त्या शब्दाच्या पोटात ‘आ फेर’ आहे, म्हणजे ‘करायचं ते’. आणि आपलं ‘प्रकरण’ कशापासून? कृ, म्हणजे करणे, या धातूपासून. इतक्या दूरच्या दोन भाषांनी ‘करण्या’तून शब्द घडवला आणि पुढे त्याला जवळपास त्याच वाटांनी नेलं. दोन्हीकडे तो कामकाजाला चालतो, कोर्टातल्या बाबीला चालतो आणि इंग्रजीत नि मराठीत तर चोरट्या प्रेमसंबंधालाही चालतो. ‘त्या दोघांचं प्रकरण आहे’ म्हटल्यावर आपल्याला वेगळं काही सांगावं लागत नाही. पोथीचं प्रकरण संपतं, कचेरीतलं प्रकरण मंजूर होतं, चव्हाट्यावर आलेलं प्रकरण दाबलं जातं, मिटतं, नाहीतर अंगाशी येतं. शब्द एकच.

याचा एक सुंदर दाखला कॅनडातच आहे. १९६६ च्या मार्चमध्ये तिथल्या कॉमन्स सभागृहात एक नाव बाहेर आलं: गेर्डा मुन्सिंगर. पूर्व जर्मनीतून आलेल्या या बाईंशी आधीच्या डीफेनबेकर सरकारातले मंत्री पिएर सेव्हिन्यी यांचे संबंध होते, आणि त्यातून हेरगिरीचा संशय होता. याला ‘मुन्सिंगर अफेअर’ म्हणतात. इथे ‘घोटाळा’ लिहून बघा, काहीच लागत नाही. ‘मुन्सिंगर प्रकरण’ लिहिलं की सार्वजनिक गाजावाजा आणि खासगी संबंध दोन्ही एका शब्दात येतात.

‘प्रकरणा’चा दुसरा गुण असा, की तो निकाल देत नाही. सिनेटर माइक डफी यांच्या खर्चाचं उदाहरण घ्या. त्यांनी परत करायचे ९०,१७२ डॉलर पंतप्रधान हार्पर यांचे कार्यालयप्रमुख नायजेल राइट यांनी स्वतःच्या खिशातून भरल्याचं २०१३ मध्ये उघड झालं आणि देशभर गहजब झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये डफी सगळ्या ३१ आरोपांतून निर्दोष सुटले. ज्याने २०१३ मध्ये ‘डफी घोटाळा’ लिहिलं त्याचा शब्द तीन वर्षांत खोटा पडला. ‘डफी प्रकरण’ लिहिणाऱ्याला एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

म्हणून ‘घोटाळा’ टाकून द्यायचा का? मुळीच नाही. तो शोभतो तिथे दुसरा कुठलाच शब्द शोभत नाही. १९९५ च्या सार्वमतात क्वेबेक अगदी थोडक्यात कॅनडात राहिला. त्यानंतर संघराज्याची छबी उजळावी म्हणून केंद्राने प्रायोजकत्वाचा कार्यक्रम काढला. २००४ मध्ये महालेखापरीक्षक शीला फ्रेझर यांनी दाखवून दिलं, की २५ कोटी डॉलरच्या त्या कार्यक्रमातले दहा कोटींहून जास्त जाहिरात संस्थांच्या शुल्कात आणि दलालीत गेले. न्यायमूर्ती गोमेरी यांचा चौकशी आयोग बसला आणि २००६ च्या जानेवारीत लिबरल पक्षाची सत्ता गेली. याला बेधडक ‘प्रायोजकत्व घोटाळा’ म्हणावं. इथे हिशेबाचा गुंता आहे आणि अफरातफरही आहे, शब्दाचे जुने-नवे दोन्ही अर्थ हजर आहेत.

सगळ्यात जुना किस्सा पॅसिफिक रेल्वेचा. १८७२ च्या निवडणुकीत कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन मॅकडोनाल्ड यांच्या पक्षाने ह्यू अ‍ॅलन या धनिकाकडून पैसे घेतले, आणि या अ‍ॅलनला रेल्वेचं कंत्राट हवं होतं. मॅकडोनाल्ड यांनी अ‍ॅलनच्या वकिलाला केलेली तार पुढच्या वर्षी वर्तमानपत्रांत छापून आली. मराठीत ती साधारण अशी होईल: ‘आणखी दहा हजार हवेतच. हे शेवटचं मागणं. निराश करू नका. आजच उत्तर द्या.’ एवढ्या चार ओळींपुढे आणखी पुरावा काय हवा? नोव्हेंबर १८७३ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. इथे मी ‘पॅसिफिक रेल्वे लाचप्रकरण’ म्हणेन. पैसे कशासाठी आले ते ‘घोटाळा’ सांगत नाही, ‘लाच’ सांगते.

बाकीच्या शब्दांचं थोडक्यात. ‘भानगड’ बोलण्यात झकास, पण तिला घरगुती वास आहे. ‘ही काय भानगड आहे?’ आपण बंद पडलेल्या मिक्सरलाही विचारतो. कुणाच्या ‘भानगडी’ किंवा ‘कुलंगडी’ बाहेर काढणं वेगळं, तो अनेकवचनी राग आहे, स्तंभात चालेल. ‘लफडं’ लेखात नको. ‘कांड’ मराठीत हत्याकांड, जळीतकांड असं रक्ताआगीचं आहे. हिंदी वाहिन्यांचं ऐकून ते लव्हालिनला जोडू नये. आणि १९२६ चं ‘किंग-बिंग अफेअर’ तुमच्या लेखात येणार असेल तर तिथे ‘प्रकरण’ही नको. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांनी संसद बरखास्त करा म्हटलं आणि गव्हर्नर जनरल लॉर्ड बिंग यांनी नकार दिला, हा घटनात्मक पेच. त्यामागची जकात खात्यातली तस्करी, ती मात्र घोटाळा.

आता तुम्ही न विचारलेलं, पण वाक्यात मला खटकलेलं: ‘पक्षाचे अध्यक्ष’. आपल्याकडे पक्षाध्यक्ष हा सर्वेसर्वा, म्हणून हात आपोआप तिकडे जातो. कॅनडात ही दोन पदं वेगळी. ट्रूडो पायउतार व्हायला निघाले तेव्हा लिबरल पक्षाचे अध्यक्ष होते सचित मेहरा. संघटना त्यांच्याकडे, नेतृत्व ट्रूडोंकडे. ट्रूडोंसाठी ‘पक्षनेते’ लिहा. ‘गटनेता’ही टाळा, कारण तो खासदारांपुरता, आणि इथला नेता पक्षाचे सदस्य निवडतात. ट्रूडोंनंतरचे नेते मार्क कार्नी यांना ९ मार्च २०२५ ला सुमारे ८६ टक्के मतं मिळाली तेव्हा ते खासदारही नव्हते.

आणि शेवटची गोष्ट, वाक्यातल्या ‘अखेर’ची. घोटाळ्यात अडकले, अखेर पायउतार झाले, असं लिहिलं की वाचक कार्यकारण जोडतो. प्रत्यक्षात लव्हालिननंतर ट्रूडोंचा पक्ष २०१९ आणि २०२१ अशा दोन निवडणुकांत सर्वाधिक जागा घेऊन आला, बहुमत नसलं तरी सत्तेत राहिला. राजीनाम्याची घोषणा झाली ६ जानेवारी २०२५ ला, ती अर्थमंत्री क्रिस्टिया फ्रीलंड डिसेंबरात मंत्रिमंडळातून बाहेर पडल्यावर आणि स्वपक्षाचे खासदारच ‘आता जा’ म्हणू लागल्यावर.

तेव्हा मी तुमचं वाक्य मोडून दोन करीन: ‘२०१९ च्या लव्हालिन प्रकरणात पक्षनेते जस्टिन ट्रूडो यांच्यावर नीतिमत्ता आयुक्तांनी ठपका ठेवला, तरी त्यांची सत्ता टिकली. २०२५ च्या जानेवारीत त्यांनी राजीनामा जाहीर केला तो स्वपक्षातल्या नाराजीमुळे.’ ‘ठपका’ तसाच ठेवा. दियों यांनी जे केलं त्याला तोच शब्द आहे.