गुड फ्रायडेला ख्रिस्ती शेजाऱ्यांना शुभेच्छा द्याव्यात का?

गुड फ्रायडेला नकोत, ईस्टरला जरूर द्या. शुक्रवार हा येशूला वधस्तंभावर खिळल्याचा, शोकाचा दिवस. सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यातही अनेक जण उपवास करतात. दुपारी चर्चमध्ये वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मनन चालतं. ‘हे बापा, त्यांना क्षमा कर’ हा त्यातला पहिला. मारणाऱ्यांसाठीच केलेली ही प्रार्थना मला या सगळ्या सणाचं काळीज वाटते. आपल्या पापांसाठी येशूनं प्राण दिला, ही ख्रिस्ती श्रद्धा. तिसऱ्या दिवशी, रविवारी, तो मरणातून उठला, तोच ईस्टर. नाताळपेक्षाही हा सण श्रद्धेच्या दृष्टीनं मोठा. तारीख मात्र चंद्रावर ठरते, म्हणून २२ मार्च ते २५ एप्रिलदरम्यान बदलते. त्या रविवारी सकाळी बिनधास्त त्यांच्या घरी जा.