रिपोर्ट माझा, नाव तिचं

"मॅडम, दोष माझ्यात निघालाय. पण घरी आम्ही हिचंच काहीतरी आहे असं सांगितलंय."

मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांचं मी समुपदेशन करते. हे वाक्य मी इतक्या पुरुषांच्या तोंडून ऐकलंय, की समोरच्यानं बायकोकडे न बघता घसा खाकरला की पुढचं मला कळतं. आयटीतले असोत, शेतीतले असोत, मास्तर असोत, काही फरक पडत नाही. मागची काळजीही तीच: लोकांना कळलं तर? म्हणून एका जोडप्याबद्दल लिहिते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदललेत.

संदीप साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट. मनीषा घरी शिवणकाम करते, ब्लाउजसाठी चार गावच्या बायका येतात. लग्नाला सहा वर्षं झालेली. त्यातली बरीचशी मनीषाच्या तपासण्यांत गेली. सोनोग्राफ्या झाल्या, हार्मोन्स झाले, गर्भनलिका उघड्या आहेत का ते बघणारा एक्स-रे झाला, शेवटी भूल देऊन दुर्बिणीतूनही बघून झालं. मधल्या काळात गुरुवार आणि संकष्ट्या चालूच. संदीपची तपासणी काहीशे रुपयांची, सुईसुद्धा न टोचणारी. ती सगळ्यात शेवटी झाली, कारण 'त्याला काय धाड भरलीय, चांगला धट्टाकट्टा आहे.' हे संदीपच्या आईचं वाक्य, पण ते आपल्याकडे कुठल्याही घरात ऐकू येईल.

मला याचा संताप येतो आणि तो मी लपवत नाही. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडचं कारण एकट्यानं किंवा बाईकडच्या कारणाच्या जोडीनं असतं. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस गेले नाहीत, तर दोघांची तपासणी एकाच वेळी सुरू करायची. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. पुरुषाच्या संकोचात जी वर्षं जातात ती बाईच्या वयातून वजा होतात, आणि पुढे उपचारांना यश किती येणार हे त्या वयावर फार अवलंबून असतं.

संदीपच्या रिपोर्टमध्ये शुक्राणू शून्य होते. पुन्हा नमुना दिला, पुन्हा शून्य. पहिल्या भेटीत त्यानं विचारलेला प्रश्न अनेकांच्या मनात असतो, पण तोंडावर येत नाही.

"मॅडम, बाकी सगळं तर व्यवस्थित आहे. मग शून्य कसं?"

मी त्याला विचारलं, "नसबंदी केलेल्या माणसाचं काय होतं?"

"मूल होत नाही."

"बाकी?"

"बाकी... काही नाही."

वीर्यातला बहुतेक भाग हा आतल्या दोन-तीन ग्रंथींचा द्रव असतो. शुक्राणूंचा वाटा त्यात अगदी थोडा, पाच टक्क्यांच्याही आत. त्यामुळे ते नसले तरी डोळ्यांना फरक दिसत नाही आणि शरीरसुखातही कळत नाही. शुक्राणू तयार होणं आणि संबंध ठेवता येणं ही शरीरातली दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक बघून दुसऱ्याबद्दल बोलू नये. नवऱ्याला संबंधांतच अडचण असेल तर तो प्रश्न निराळा, त्याचे उपायही निराळे.

हे सगळं संदीपला पटलं, त्यानं मान डोलावली आणि चेहरा होता तसाच राहिला. मला त्याचं नवल वाटलं नाही. माझा पिंड मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारांवर पोसलेला आहे. माणूस घटनेनं जेवढा खचतो, त्याहून जास्त तो त्या घटनेला लावलेल्या अर्थानं खचतो, असं मी मानते. हा अर्थ माहिती देऊन हलत नाही. तो त्या माणसाला स्वतःच्या तोंडानं उच्चारावा लागतो.

"लोकांना कळलं तर काय म्हणतील?"

"बोलतील काहीतरी."

"काय बोलतील?"

बराच वेळ गेला. मनीषा पर्सच्या चेनशी खेळत होती. मग तो म्हणाला, "नामर्द म्हणतील."

"आणि तुम्ही काय म्हणता?"

"मीपण तेच म्हणतो, मॅडम. रोज."

आता मला त्याच्या नोकरीची मदत घ्यावीशी वाटली. "तुमच्याकडे गेल्या हंगामात साखर उतारा किती होता?"

तो गोंधळला, पण उत्तर लगेच आलं. "अकराच्या पुढे."

"समजा एखाद्या दिवशी आठच आला. तर तुम्ही लॅबमध्ये काय लिहिता? कारखाना नालायक?"

"असं कसं लिहीन? ऊस शिळा झाला का, जात कुठली, पाणी कधी दिलं, मिलमध्ये काही गडबड आहे का, ते बघतो."

"आणि त्या दिवशी चेअरमनपासून वॉचमनपर्यंत सगळे नामर्द ठरतात?"

संदीप हसला. खो खो नाही, पण ओठ फाकले. त्याच्या आधी मनीषा हसली होती. मग त्यानं खिशातून घडी घालून घालून मऊ झालेला रिपोर्ट काढला, टेबलावर पसरला आणि पहिल्यांदा एखाद्या केमिस्टनं वाचावा तसा वाचायला लागला. "हे एफएसएच जास्त आहे, त्याचा अर्थ काय?" तिथून पुढे आमचं काम सोपं झालं. समुपदेशनात ज्या क्षणाची वाट बघायची असते तो हाच, असं माझं मत आहे. रडू येणं सोपं असतं. लाजेच्या जागी कुतूहल येणं अवघड.

तर त्या एफएसएचबद्दल. वृषणांना शुक्राणू तयार करायचा हुकूम मेंदूकडून घेऊन येणारं हे हार्मोन. शून्य दोन प्रकारचं असतं. कारखाना चालू आहे पण वाट बंद आहे, हा एक प्रकार. जुना संसर्ग, आधीची शस्त्रक्रिया किंवा जन्मतःच शुक्रवाहिनी नसणं ही त्याची कारणं. यात एफएसएच बहुधा ठीक असतं आणि सुईनं शुक्राणू काढता येतात. दुसऱ्या प्रकारात वृषणात शुक्राणू तयारच होत नाहीत किंवा फार थोडे होतात. मग मेंदू जास्त जोरात हुकूम सोडत राहतो आणि एफएसएच वाढतं. यामागे जनुकीय कारण असू शकतं, म्हणून गुणसूत्रांची आणि वाय गुणसूत्राचे बारीक तुकडे गहाळ आहेत का याची तपासणी शस्त्रक्रियेच्या आधी करतात. काही ठरावीक तुकडे नसतील तर शुक्राणू सापडण्याची आशा जवळपास नसते, मग चिरफाड कशाला? काही दोष मुलाकडे उतरू शकतात, तेही आधी माहीत असलेलं बरं. मोठेपणी झालेल्या गालगुंडात वृषणाला सूज आली असेल, कॅन्सरसाठी केमोथेरपी झाली असेल, तरीही असं होतं. केमो सुरू होण्याआधी तरुण मुलाचे शुक्राणू गोठवून ठेवता येतात. धावपळीत ते कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

संदीपचे जनुकीय रिपोर्ट चांगले आले. कारण त्याच्या लहानपणी होतं. त्याची दोन्ही वृषणं जन्माच्या वेळी खाली उतरलेली नव्हती आणि तो तिसरीत असताना ऑपरेशन झालं होतं. खूपच उशीर. हे ऑपरेशन बाळ सहा महिन्यांचं झाल्यावर, वर्षाच्या आसपास आणि फार तर दीड वर्षापर्यंत व्हायला हवं, कारण पोटाच्या उष्णतेत शुक्राणू तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. घरात तान्हा मुलगा असेल तर लसीकरणाच्या वेळी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

मग विषय निघाला घरी सांगण्याचा. मनीषा ठाम होती. "यांचं नाव नको. मला सवय झालीय." तिच्या जाऊच्या डोहाळजेवणात तिला ओटी भरायला पुढे बोलावलं नव्हतं. ती स्वयंपाकघरात पुऱ्या तळत बसली होती. हे ती तक्रार म्हणूनही सांगत नव्हती. मी संदीपला एवढंच म्हटलं, "तुमचा रिपोर्ट त्यांनी अजून किती सण उचलायचा?" सल्ला दिला नाही. सगळ्या गावाला सांगायची गरज नसते आणि मी कुणाला तसं सुचवतही नाही. पण ज्या माणसाच्या बोलण्यानं घरात रोज कुणाला तरी टोचतं, त्या एका माणसाला खरं कळायला हवं.

पुढच्या भेटीत दोघं आले तेच बदलून. संदीपनं आईला सांगितलं होतं. आई गप्प झाली, आणि मग म्हणाली, "म्हणजे ते माझंच चुकलं. पोरगं शाळेत जायला लागलं तरी मला उमगलं नाही." ती रडायला लागली. तेव्हा उठून तिच्याजवळ गेली ती मनीषा. "आई, तुमचं पण काही नाही. त्या वेळी कोण सांगत होतं?"

हे ऐकताना मला या कामातली एक गोष्ट लख्ख दिसली. इतकी वर्षं मी दोष चुकीच्या खांद्यावरून बरोबर खांद्यावर ठेवायच्या मागे असायची. पण घराला कुणीतरी दोषी लागतोच. सुनेवरून तो मुलावर आला, मुलावरून आईवर गेला, आणि थांबला तो ज्या बाईनं सगळ्यात जास्त सोसलं होतं तिच्यापाशी, कारण तिनं तो पुढे ढकलायला नकार दिला. तेव्हापासून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जोडप्याला पहिल्याच दिवशी सांगते: कारण शोधू, दोषी नको. ओळखीचे दोन डॉक्टर आता असा रिपोर्ट हातात देण्याआधी जोडप्याला माझ्याकडे पाठवतात, याचं मला बरं वाटतं.

सगळ्यांचं शून्य नसतं. बहुतेकांचा आकडा कमी असतो किंवा हालचाल मंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत खालची मर्यादा एका मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख, एकूण हालचाल 42 टक्के आणि नेहमीच्या आकाराचे 4 टक्के अशी आहे. चार टक्के! 'माझे 95 टक्के शुक्राणू वाकडे' म्हणून झोप उडालेले तरुण माझ्याकडे येतात, तेव्हा ही ओळ दाखवली की त्यांचं अर्धं दुखणं तिथेच जातं. एका रिपोर्टवर विश्वासही ठेवू नये. आधीच्या वीर्यस्खलनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून, चांगल्या प्रयोगशाळेत नमुना द्यायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा बघायचं. मधे मोठा ताप येऊन गेला असेल तर दोन-तीन महिने आकडा खालीच असतो, कारण शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्याच कारणानं तंबाखू, दारू सोडल्याचा, वजन उतरवल्याचा किंवा भट्टीजवळचं काम बदलल्याचा फरक तीन महिन्यांआधी दिसत नाही. वृषणाच्या फुगलेल्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, हे सापडणारं आणि पुष्कळदा सुधारता येणारं कारण आहे. हाताला जाणवत असतील आणि रिपोर्टही बिघडलेला असेल तर शस्त्रक्रियेचा विचार करतात.

जिममधल्या इंजेक्शनांबद्दल मी जरा जोरात बोलते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो हुकूम सोडायचं थांबवतो आणि वृषणाचं काम मंदावतं, कधी बंदच पडतं. दंड फुगलेले आणि आकडा शून्य, अशी पोरं मी पाहिली आहेत. थांबवल्यावर बरेचदा सुधारतं, पण महिने जातात, कधी वर्षाच्या वर. मुलाची इच्छा असलेल्या पुरुषानं 'ताकदीसाठी' हे इंजेक्शन घ्यायचंच नाही. हायवेलगतच्या तंबूतल्या खानदानी दवाखान्यांबद्दल तर मी बोलतच नाही.

आकडा थोडाच कमी असेल तर आययूआय, म्हणजे धुऊन निवडलेले शुक्राणू गर्भाशयात सोडणं. फारच कमी असतील तर इक्सी, ज्यात एकच शुक्राणू सुईनं स्त्रीबीजात सोडतात. 1992 साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी ही पद्धत यशस्वी केली आणि पुरुषांच्या वंध्यत्वाचं चित्रच पालटलं. खर्च मात्र दीड-दोन लाख आणि पुढे, आणि तरुण जोडप्यातही दर प्रयत्नाला यश निम्म्याहून कमी वेळा. हे पैसे भरायच्या आधी उपचार केंद्रानं तुम्हाला सांगायला हवं. 2021 च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानुसार नोंदणी आणि समुपदेशन दोन्ही केंद्रांना बंधनकारक आहे.

संदीपच्या बाबतीत सूक्ष्मदर्शकाखाली वृषणात शुक्राणू शोधायचे होते. अशा शस्त्रक्रियेत साधारण निम्म्यांना ते सापडतात. म्हणून 'नाहीच सापडले तर?' याचं उत्तर ऑपरेशनच्या आधी हवं, भुलीतून बाहेर आल्यावर नको. दात्याचे शुक्राणू घेता येतात. कायद्यानं दात्याची ओळख गुप्त राहते, एका दात्याचे नमुने एकाच जोडप्याला मिळतात आणि मूल सगळ्या हक्कांसह तुमचंच असतं. मनीषाची तयारी होती. संदीप म्हणाला, "मला जमणार नाही, मॅडम. दत्तक चालेल. हे नाही." मी त्याला पटवायला गेले नाही. नाखुशीनं दिलेली संमती पुढे त्या मुलाच्या वाट्याला येते. मनीषानंही तासभर विचार करून दत्तकाला हो म्हटलं.

शुक्राणू सापडले, थोडे. त्यातून दोन गर्भ तयार झाले. पहिला रुजला नाही. ती बातमी कळली त्या दिवशी मला फोन मनीषाच्या सासूबाईंनी केला, सुनेला काय खायला घालू विचारायला. दुसरा गर्भ गोठवून ठेवलाय. संदीपला सध्या रजा मिळत नाही, त्यामुळे गळीत हंगाम आटोपला की जायचं ठरलंय.