पहाटे चारची बाळंतीण

प्रश्न : सिस्टर, नर्सिंगचा जीएनएम कोर्स करून आठ महिन्यांपूर्वी मी तालुक्याच्या रुग्णालयात लेबर रूमला लागले. नाइट रात्री ८ ते सकाळी ८. गेल्या आठवड्यात एका रात्रीत पाच बाळंतपणं झाली. मी आणि एक मावशी, दोघीच. पाचवीच्या वेळी पहाटेचे चार वाजले होते. ती मांड्या मिटून घेत होती. मी खेकसले, "बाळाला मारायचंय का तुला?" दोघं सुखरूप आहेत, पण घरी येऊन मला झोप लागेना. मी या कामाला लायक आहे का?
— एक वाचक, धाराशिव जिल्हा

उत्तर : अगं, बोललीस ते चुकलंच. ती बाळाच्या दीड महिन्याच्या डोसला येईल, तेव्हा गाठून सांग, "त्या रात्री मी असं बोलायला नको होतं." मी एकीला असं सांगितलं होतं. ती काही बोलली नाही, बाळ माझ्या हातात दिलं.

मांड्या मिटणं हा हट्ट नसतो. बाळाचं डोकं खाली आलं की आग होते आणि अंग आपोआप आखडतं. तेव्हा लांबलचक समजावू नये. "माझ्याकडे बघ. आता जोर नको, फुंकर घाल." मी एवढंच म्हणायचे. तिची आई किंवा सासू बाहेर बाकावर बसलेली असते, तिला आत घे. २०१७ पासूनच्या 'लक्ष्य' कार्यक्रमात सरकारी लेबर रूममध्ये बाईजवळ घरची सोबत असावी असं सांगितलंच आहे. पाठ चोळायला, पाणी पाजायला ती असली की तुझे दोन हात मोकळे राहतात.

पण वार पडल्यावर पुढे काय केलंस, ते तू लिहिलं नाहीस. माझा जीव तिथं अडकला.

माझ्या नोकरीच्या सहाव्या वर्षी अशीच एक रात्र होती. चौथी बाळंतीण मोकळी झाली, बाळ रडलं, वार पूर्ण आली. गर्भाशय आवळायला ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन बाळ झाल्या झाल्या दिलं होतं. मी तिच्या अंगावर ब्लँकेट घातलं आणि शेजारच्या टेबलाकडे वळले. वीस मिनिटांनी परत आले तर ती जांभया देत होती. दमली असेल असं वाटलं. पॅडवर फार काही दिसेना. नाडी पाहिली, १२०. ब्लँकेट दूर केलं, कमरेखाली हात घातला, तर रबरी शीटवर रक्ताचं तळं. पोट मळलेल्या कणकेसारखं मऊ. डॉक्टरांना बोलवायला मावशीला पळवलं, पोट चोळत राहिले. मूत्राशय तुडुंब भरलं होतं, त्यामुळे गर्भाशय आवळत नव्हतं. कॅथेटर घातला, ड्रिप सुरू झाली, तेव्हा कुठे ते हाताला नारळासारखं टणक लागलं. बाई वाचली. वीस मिनिटं मी तिच्याकडे पाहिलं नव्हतं, हे मी आजवर विसरलेले नाही.

म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, पोट आणि कमरेखाली हात. नुसतं पॅड बघून पुढे जाऊ नकोस. बाळंतिणीला लघवीला लाव.

पहाटे तीन ते पाच डोकं सगळ्यात मंद चालतं, ते शरीराचंच आहे. त्या वेळी इंजेक्शन भरताना अॅम्प्यूलवरचं नाव मावशीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं वाच. मेथर्जिन, म्हणजे रक्तस्राव थांबवायचं औषध, बीपी वाढलेल्या बाईला देत नाहीत, आणि ही चूक झोपेतच होते. पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याचा तक्ता, सकाळी बसून आठवणीनं भरू नकोस. बाळाचे ठोके ऐकलेस की तिथंच उभ्यानं मांड. आणि पाच बाळंतपणांना एकच सिस्टर, हे इन्चार्जबाईंना लेखी कळव, तारीख घालून. त्यात तक्रारखोरपणा काही नाही.

लायक आहेस, म्हणून तर झोप लागली नाही. उद्या चार्ज देताना 'सगळं नॉर्मल' म्हणून निघू नकोस. शेवटच्या बाळंतिणीचे दोन तास भरले नसतील, तर येणाऱ्या सिस्टरला खाटेपाशी ने, तिचा हात त्या पोटावर ठेव, आणि मगच चार्ज दे.