मनी कोणाला उठवते?

"मॅडम, सांगितलं तर तुम्ही हसाल," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्या म्हणाल्या.

हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलेलं, बोलता बोलता शब्द हरवत होते, आणि उजव्या भुवईखाली एक बारीक, वाळलेला ओरखडा. तो मनीचा. मनी म्हणजे त्यांची चार वर्षांची मांजर. पहाटे साडेतीन-चारला ती उशीशी येऊन बसायची. आधी पंजा गालावर, मग पापणीवर. नख्या आत ओढलेल्या असायच्या, निदान बहुतेक वेळा. तेवढ्यानं भागलं नाही तर टेबलावरची चष्म्याची डबी, पेन, पाण्याचा पेला असं एकेक कडेकडे सरकवत न्यायची. "आणि ढकलायच्या आधी माझ्याकडे वळून बघते हो. मी बघतेय ना, याची खात्री करून घेते."

हे सांगून झालं, तरी त्यांना विचारायचं होतं ते वेगळंच. खूप वेळ पर्सच्या पट्ट्याशी चाळा करून त्या म्हणाल्या, "परवा मी तिला उशी फेकून मारली. लागली नाही तिला, पण मारली. मग दिवसभर मन खात राहिलं. मुक्या जनावरावर असा राग काढणारं माणूस बरं असतं का?"

मांजर पाळणाऱ्यांकडून हा प्रश्न मी बरेचदा ऐकते, फक्त तो सरळ येत नाही. लोक चिडचिड वाढली म्हणून येतात, कामात चुका होतात म्हणून येतात, घरात खटके उडतात म्हणून येतात, आणि मांजराचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत दबकत दबकत निघतो. जणू मांजरामुळे झोपेचं खोबरं होणं ही काही समुपदेशकाकडे सांगायची गोष्ट नाही. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदलले आहेत. मनीचंही नाव बदललं आहे. तिची परवानगी घेता आली नाही.)

मी आधी झोपेचा हिशेब मांडला. रात्री साडेअकराला अंथरुणावर, बाराला डोळा लागणार, पावणेचारला जाग, नंतर सहापर्यंत कूस बदलत नुसती डुलकी. म्हणजे सलग झोप चार तासांच्याही आत, आणि हे आठ-नऊ महिने चाललेलं. एवढ्या झोपेवर कोणीही उशी फेकेल. राग आवरायला मेंदूला जी ताकद लागते, ती अपुऱ्या झोपेत लवकर संपते. त्यांच्या स्वभावाचा निकाल लावायला पहाटे पावणेचारची वेळ धरायची नाही, एवढं आम्ही पहिल्याच दिवशी ठरवलं.

आता पहाटच का? आपली झोप साधारण नव्वद मिनिटांच्या आवर्तनांनी पुढे जाते. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या भागात उरकतो. उत्तररात्री झोप उथळ होते, स्वप्नं वाढतात, मधूनमधून क्षणभर जागही येते, जी सकाळी आठवतसुद्धा नाही. आपण जिला साखरझोप म्हणतो ती गोड असते, पण काचेच्या भांड्यासारखी, जरा धक्का लागला की गेली. मांजराचं घड्याळ नेमकं उलटं. तिच्या जातीची शिकारीची वेळ म्हणजे दिवस मावळताना आणि उजाडायच्या आधी. दिवसाचे बारा ते सोळा तास झोप काढून पहाटे ती ताजीतवानी असते. तिच्या लेखी ती वेळेवर कामाला निघालेली असते. तुम्हाला छळायचा बेत त्यात नसतो.

इथपर्यंत ठीक होतं. त्यानंतर मी चूक केली. "आज रात्रीपासून झोपायच्या खोलीचं दार लावून घ्या, ओरडली तरी उघडू नका," एवढं सांगून त्यांना घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात त्या आल्या त्या आधीपेक्षा दमलेल्या. मनीनं दार खरवडलं, दाराखालच्या फटीतून पंजा आत घालून चाचपलं, पहिल्या रात्री वीस मिनिटं, तिसऱ्या रात्री अर्धा तास. सहाव्या रात्री शेजाऱ्यांनी भिंत ठोकली आणि चाळीस मिनिटांनी यांनी दार उघडलं. म्हणजे आम्ही दोघींनी मिळून मनीला पक्कं शिकवलं की चाळीस मिनिटं चिकाटी धरली तर दार उघडतं.

एखाद्या वागण्याचं फळ मिळेनासं झालं की ते वागणं विझायच्या आधी बरेचदा भडकतं, हे मी पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. आणि फळ कधी मिळतं, कधी नाही, असं झालं तर ते वागणं सगळ्यात चिवट होतं. स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी कबुतरांवरचे असे प्रयोग १९५७ साली सविस्तर मांडले. जुगाऱ्याचं पाऊल अड्ड्यावरून निघत नाही ते याच कारणानं. मला हे पाठ आहे, वर्गात शिकवतेही. पण समोर दमलेलं माणूस बसलं की झटपट उपाय देण्याची घाई होते, ती मलाही झाली.

मग वही सुरू केली. झोपेची डायरी नेहमीचीच, फक्त त्यात एक रकाना मनीचा: किती वाजता आली, काय केलं, तुम्ही काय केलंत. घड्याळ बघायचं नाही, अंदाजे वेळ सकाळी उठल्यावर लिहायची. दोन आठवड्यांनी वही उघडली तर 'तुम्ही काय केलंत' याच्यापुढे रोज वेगवेगळं होतं. "थोपटलं." "ओरडले." "खायला घातलं, नाहीतर थांबली नसती." "उचलून बाहेर ठेवली." "बाथरूमला गेले, परत येताना खायला घातलं." माणसाला या पाच वेगळ्या गोष्टी वाटतात. मनीसाठी ती एकच: बाई उठली. ओरडणंही त्यातच आलं. अंधारात एकटं जागं असलेल्या जिवाला कोणी ओरडायला का होईना, सोबत मिळाली.

वहीत मधे तीन ओळी वेगळ्या शाईनं होत्या. त्या तीन रात्री बाई कामानिमित्त बाहेरगावी होत्या, म्हणून नवऱ्यानं लिहिलेलं. तिन्ही दिवशी एकच वाक्य: "मनीचा त्रास नाही. साडेसहाला उठलो."

त्या ओळींवर बोट ठेवून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे ती मलाच उठवते?"

उघड होतं. नवरा ढाराढूर झोपणारा. मनीनं कधीतरी त्याच्याही पापणीवर पंजा ठेवून पाहिला असेल, उपयोग नाही म्हणून सोडून दिला असेल. जी उठते तिच्याकडे जायचं, एवढं मांजराला कळतं.

इथे मला मोठा अर्थ काढायचा मोह झाला, कबूल करते. घरात हाकेला कोण उठतं, कोणाच्या झोपेला किंमत नसते, वगैरे. मी तसा धागा पुढे केलाही. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ते सगळं आहेच. पण ते मी जागेपणी बघून घेईन. आधी मला झोपू दे." समुपदेशकाला असं थांबवणारी माणसं मला आवडतात. तो धागा मी ठेवून दिला.

दुसऱ्यांदा योजना केली ती सावकाश. सगळ्यात आधी मनीला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. हे मी पहिल्यांदा विसरले होते, आणि ते विसरण्यासारखं नाही. मांजर रात्री ओरडतं त्यामागे दुखणं असू शकतं. दहा-अकरा वर्षांपुढची मांजर अचानक रात्री हंबरडा फोडायला लागली, खाऊनही वाळत चालली किंवा फार पाणी प्यायला लागली, तर थायरॉईड, मूत्रपिंड, रक्तदाब तपासायला हवेत. म्हातारपणी त्यांनाही माणसासारखा विसरभोळेपणा येतो आणि रात्री बावरायला होतं. नसबंदी न झालेली मांजरी माजावर आली की रात्र रात्र ओरडते, तिथे कसलंही शिक्षण चालत नाही. आणि बोका लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या पेटीत) पुन्हा पुन्हा बसून कुंथतोय, लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना गाठायचा. मनीची तपासणी ठीक निघाली. शांत झोपावी म्हणून तिला माणसाचं औषध देऊ का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मात्र मी जरा कडक झाले. साधी पॅरासिटामॉलही मांजराचा जीव घेऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कणभरही नाही.

मग संध्याकाळ बदलली. मांजराचा क्रम ठरलेला असतो: दबा धरायचा, झडप घालायची, खायचं, अंग चाटायचं, झोपायचं. घरात आयतं भांडं भरलेलं असलं की पहिले दोन टप्पे साचून राहतात आणि पहाटे आपल्या पायाच्या बोटांवर निघतात. म्हणून झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं दोरीला पिसं बांधलेल्या काठीनं खेळ, शेवटी ती पिसं तिच्या पंजात खरोखर सापडू द्यायची, आणि लगेच दिवसातलं सगळ्यात मोठं जेवण. (लेझरच्या ठिपक्याशी खेळवणाऱ्यांनी शेवटी काहीतरी हाती लागू द्यावं. नुसत्या उजेडामागे धावून मांजर वैतागतं.) हे काम नवऱ्याकडे दिलं. खेळात तो तिच्याइतकाच रमतो, असं नंतर कळलं.

पहाटेचं खाणं बाईंच्या हातून काढून घेतलं. ठरावीक वेळी झाकण उघडणारं भांडं आणून बाहेरच्या खोलीत ठेवलं, आणि वेळ लावली साडेतीनची, म्हणजे मनी उठवायची त्याच्याही आधीची. "पण हे तर तिच्या मनासारखंच झालं ना?" त्यांनी विचारलं. झालं, पण खाणं आता माणसापासून सुटलं. एकदा ती उशीऐवजी भांड्याकडे जायला लागली की वेळ दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा मिनिटांनी पुढे न्यायची. दार लावायचं ते यानंतर, आणि बाहेर तिचं अंथरूण, पाणी, लिटर बॉक्स, खिडकीशी बसायला उंच जागा हे सगळं असताना. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवायचं की आठ-दहा रात्री आवाज होईल. कानात बोळे घालायचे. पंजाच्या आवाजानं दार उघडायचं नाही, ते उजाडल्यावर गजर झाला की उघडायचं.

एक अडचण मला या केसमध्येच कळली. झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका, उठून बसा, झोप आली की परत या, हा निद्रानाशातला जुना आणि चांगला उपाय, मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला. पण बाई उठून बाहेर गेल्या की मनीला बक्षीस! दोन बरे सल्ले एकमेकांच्या आड येत होते. शेवटी खोलीतच पलंगापासून लांब एक खुर्ची ठेवली, मंद दिवा आणि एक कंटाळवाणं पुस्तक. जाग आलीच तर तिथे बसायचं, दाराला हात लावायचा नाही. उठायची वेळ रोज सहा, सुट्टीलाही सहा, आणि दुपारी आडवं व्हायचं नाही.

कारण वही नीट वाचली तर आणखी एक गोष्ट दिसत होती. पहिल्या आठवड्यात चार रात्री अशा होत्या की जाग सव्वातीनला आणि मनी आली पावणेचारला. म्हणजे मांजर यायच्या आधी अर्धा तास त्या तिची वाट बघत जाग्या होत्या. कान टवकारलेले, छाती धडधडतेय, आता येईल, आता येईल. मांजर दुसऱ्या गावी पाठवलं असतं तरी ही जाग काही दिवस तशीच राहिली असती. तिच्यासाठी ती खुर्ची होती.

दार लावल्यावर अपराधीपणा उसळला. "तिला टाकून दिल्यासारखं वाटत असेल." मी विचारलं, दिवसभर तुम्ही कामावर असता तेव्हा ती काय करते? "झोपते." कुठे? "कपाटावर, एकटीच." यावर त्या स्वतःच हसल्या. दारापलीकडे गुबगुबीत अंथरुणात झोपलेल्या मांजरावर अन्याय होतोय असं मला तरी वाटत नाही. झोप झालेली बाई संध्याकाळी तिला मांडीवर घेते, ते तिला जास्त परवडतं.

पहिल्या चार रात्री वाईट गेल्या, पाचवी त्याहून वाईट. नवव्या रात्रीपासून खरवडणं पाच मिनिटांवर आलं. सहाव्या आठवड्यात भांडं साडेपाचला उघडत होतं, आणि मनी त्याच्यासमोर बसून झाकणावर पंजा मारत होती, तसाच हलकेच, पापणीवर मारायची तसा. ओरखडा तोवर दिसेनासा झाला होता.

शेवटच्या भेटीत त्यांनी वही दाखवली. एका पानावर लिहिलं होतं: "चारला जाग. आवाज नाही. काळजी वाटली म्हणून दार उघडून बघितलं. मनी झोपली होती. उठून आली. थोपटलं."

पुढच्या तीन पहाटे मनी दाराशी होती.