डॉक्टरांचा काय संबंध?

प्रश्न : मी व्यवसायानं डॉक्टर. बातम्यांत 'डॉक्टर्ड व्हिडिओ' ऐकलं की वाटतं, यात आमचा काय गुन्हा? आणि त्याला मराठीत 'बनावट' म्हटलेलं चालेल का?

उत्तर : डॉक्टरसाहेब, या शब्दानं मलाही एकदा तोंडघशी पाडलंय. उपसंपादक म्हणून नवा होतो. इंग्रजी बातमीतल्या 'डॉक्टर्ड टेप'ची मी 'डॉक्टरांची ध्वनिफीत' करून मोकळा झालो. मुद्रितशोधकांनी पकडलं म्हणून छापून आलं नाही; पुढे महिनाभर मला तपासायला म्हणून नाडी पुढे केली जायची.

मूळ लॅटिन धातू शिकवण्याचा. इंग्रजीत 'डॉक्टर'चं क्रियापद झालं ते उपचार करणं, डागडुजी करणं आणि लबाडीची डागडुजीसुद्धा.

'बनावट' मात्र नको. बनावट नोट छापतानाच खोटी असते. डॉक्टर्ड वस्तू मुळात खरी असते आणि त्या खरेपणाच्या जिवावरच फसवते. आवाज तुमचा, वाक्यं तुमची, मधला एक 'नाही' तेवढा उडवलेला. अशा फितीला तुम्ही 'बनावट' म्हणालात की समोरचा विचारणार, "आवाज तुमचाच ना?" झालं, अडकलात! भारतीय दंड संहितेच्या कलम 464 नं खोटा दस्तऐवज रचणं आणि खऱ्यात लबाडीनं बदल करणं एकाच दावणीला बांधलं होतं. शिक्षेपुरतं ते ठीक. लिहिणाऱ्यानं भेद पाळावा.

'फेरफार केलेला' हा शब्द जवळ जातो. पण तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना 6 म्हणजे फेरफार नोंदवही. वारसाचं नाव लागतं तेही फेरफारानंच आणि त्यात काळंबेरं काही नसतं. 'खाडाखोड' बिचारी उघड दिसते. 'भेसळ' मिसळण्याच्या जिनसांची. 'व्हिडिओशी छेडछाड' हे हिंदीतून आलेलं वाचलं की मला त्या व्हिडिओचीच काळजी वाटते.

म्हणून मी नेमकं काय केलंय तेच लिहितो : कापून जोडलेली फीत, चेहरा बदललेला फोटो, तारीख फिरवलेलं पत्र. शब्द दोन जास्त जातात, जाऊ देत. क्रिकेटमधली 'डॉक्टर्ड' खेळपट्टी तेवढी वेगळी. तिथं यजमानांनी ती आपल्या गोलंदाजांच्या सोयीची करून घेतलेली असते आणि पाहुण्यांनाही ते नाणेफेकीआधीच दिसत असतं.