'निर्बंध काढले', 'मुभा दिली', 'स्वैर झाले': तीन शब्द, तीन अडचणी

फोंड्याच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या विद्यार्थ्याच्या वादविवादाच्या भाषणात असे वाक्य आहे: "पोर्तुगालने अमली पदार्थांवरचे निर्बंध काढले, लोकांना मुभा दिली, तरी लोक स्वैर झाले नाहीत." यातले शब्द चालतील का?

व्याकरण ठीक आहे, मजकूर चुकतो. १ जुलै २००१ पासून पोर्तुगालमध्ये दहा दिवसांच्या वापराइतका साठा (गांजा २५ ग्रॅम, हेरॉइन १ ग्रॅम) जवळ सापडला तर फौजदारी खटला होत नाही. पण माल जप्त होतो, तिघांच्या आयोगापुढे उभे राहावे लागते, दंडही होऊ शकतो. विक्री हा तर गुन्हाच. म्हणजे मनाई राहिली, तुरुंग गेला. याला 'निर्बंध काढले' म्हणता येत नाही.

'मुभा' तर त्याहून दूरची. मूळ अरबी 'मुबाह': इस्लामी धर्मशास्त्रात जे केले तरी चालते, न केले तरी चालते ते. मुभा असली की जाब विचारता येत नाही. इथे तर आयोगच जाब विचारतो.

'निर्बंध' या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. निर्धन म्हणजे धन नसलेला, मग निर्बंध म्हणजे बंध नसलेला का नाही? कारण इथला 'निर्' अभावाचा नाही, निर्णय आणि निर्देश यांतल्यासारखा जोर देणारा आहे. संस्कृतात निर्बंध म्हणजे आग्रह, हट्ट. मराठीत त्याची मर्यादा झाली, आणि मर्यादा नसलेल्याला 'अनिर्बंध' म्हणावे लागले.

'स्वैर' आणखी गमतीचा. स्व + ईर; नेहमीच्या संधीने 'स्वेर' व्हायला हवे होते, पण वैयाकरणांनी या शब्दासाठी खास वार्तिक (सूत्राला जोडलेला पूरक नियम) करून 'ऐ' दिला. अर्थ, आपल्या मर्जीने चालणारा. मराठीत स्वैर अनुवाद, स्वैर कल्पना यांत दोष नाही. दोष 'आचार' जोडल्यावर येतो. म्हणून 'स्वैराचार माजला नाही' हे मराठी वळण. ('मोकाट सुटले' नको, गोव्यातल्या श्रोत्यांना आधी रस्त्यावरची गुरे आठवतील.)

'निर्गुन्हेगारीकरण' (एखादी गोष्ट गुन्हा मानायचे सोडणे) हा शब्दही भाषणात घालू नये. जीभ अडखळते, आणि ऐकणाऱ्याला गुन्हेगारी संपल्यासारखे वाटते.

वाक्य असे करावे: "पोर्तुगालने अमली पदार्थ थोड्या प्रमाणात बाळगणे हा गुन्हा मानायचे सोडले, मनाई मात्र ठेवली; तरी स्वैराचार माजला नाही." सोबत उपचार आणि स्वच्छ सुयांची सोयही वाढवली होती, हे जोडावे. नाहीतर सगळे श्रेय लोकांच्या शहाणपणाला जाते आणि प्रतिपक्ष तिथेच बोट ठेवतो.

क्रियापदेही सांभाळावी. बंदी घालतात नि उठवतात, निर्बंध लादतात नि शिथिल करतात, परवानगी मागतात, मुभा असते किंवा देतात. मासेमारीवरची ६१ दिवसांची पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टला ट्रॉलर निघतात: इथे 'बंदी उठली' अचूक. एलईडी दिवे लावून मासे पकडायला मात्र तेव्हाही मनाईच असते, म्हणून 'मासेमारी खुली झाली' चालेल, 'अनिर्बंध झाली' चालणार नाही.